टाइप १ डायबेटिस: आपल्याच पेशी इन्सुलिनच्या पेशींना का मारतात? आईबापांचे नेहमीचे प्रश्न

माझ्या लेकीला सातव्या वर्षी टाइप १ निघाला. तेव्हापासून नातेवाईक, शेजारपाजारचे, शाळेतल्या बाई, आणि नुकतंच ज्यांच्या मुलाला निघालंय असे आईबाप सगळे हेच प्रश्न विचारतात. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर गेली काही वर्षं मिळेल ते वाचतेय, लेकीच्या डॉक्टरांना पिडतेय, आणि जे पक्कं कळलंय तेवढंच इथे लिहितेय. इन्सुलिनचा डोस, औषधं यासाठी तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

डायबेटिस तर पन्नाशीनंतर होतो ना? एवढ्याशा पोरीला कसा?

तो टाइप २. त्यात इन्सुलिन बनत असतं पण शरीर त्याला नीट दाद देत नाही, आणि पुढे पुढे बनणंही कमी होतं. टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच मारल्या जातात, आणि मारणारं बाहेरचं कोणी नसतं, आपलीच प्रतिकारशक्ती असते. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ना, अगदी तसं. आणि हा फक्त लहानपणीच होतो असंही नाही, बऱ्याच लोकांना तिशी-चाळिशीत होतो आणि वय बघून टाइप २ समजून गोळ्या चालू राहतात.

गोड जास्त खाल्लं म्हणून झाला का? चॉकलेटं फार दिली का आम्ही?

नाही. हे मी मोठ्या अक्षरात भिंतीवर लिहून लावायला तयार आहे. आमच्याकडेही पहिल्या आठवड्यात घरातल्या मोठ्यांनी "तू तिला फार लाडावलंस" हे ऐकवलंच, आणि मी कितीतरी रात्री बिस्किटांचे पुडे मोजत बसले होते मनात. टी सेल नावाच्या पांढऱ्या पेशींनी इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी ओळखायला चूक केली, तिथे बिस्किटाचा काही संबंध नाही. गरोदरपणात तू हे खाल्लंस, ते नाही खाल्लंस, हेही कुणी बोललं तर ऐकून घेऊ नका.

या बीटा पेशी नक्की असतात कुठे?

स्वादुपिंडात, म्हणजे जठराच्या मागे आडवा पडलेला, मोठ्या माणसात साधारण १०० ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा अवयव. त्याचा बहुतेक भाग पचनाचे रस बनवतो. मध्ये मध्ये पेशींचे छोटे पुंजके विखुरलेले असतात, समुद्रातल्या बेटांसारखे, सगळे मिळून दहा लाखांच्या आसपास, आणि तरी सगळ्यांचं वजन मिळून एक-दोन ग्रॅमच. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स नावाच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याला ते मायक्रोस्कोपखाली दिसले पण त्यांचं काम काय ते त्याला कळलं नव्हतं. या बेटांमध्ये बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि शेजारच्या अल्फा पेशी ग्लुकॅगॉन, जे शुगर वाढवतं. टाइप १ मध्ये फक्त बीटा मारल्या जातात, त्यांना खेटून बसलेल्या अल्फा शाबूत राहतात. मला ही गोष्ट फार भयंकर वाटली होती पहिल्यांदा वाचली तेव्हा, म्हणजे हल्ला आंधळा नाही, निवडून निवडून आहे.

पण प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर का उलटते?

टी सेल तयार होतात हाडांच्या मगजात, पण त्यांची शाळा असते थायमसमध्ये, छातीच्या हाडाच्या मागे. तिथे प्रत्येक टी सेलला शरीरातल्या प्रोटीनचे तुकडे दाखवले जातात, अगदी इन्सुलिनचेसुद्धा, आणि जी टी सेल आपल्याच तुकड्याला घट्ट पकडते तिला तिथेच संपवतात. परीक्षा फार कडक आहे, बहुतेक टी सेल त्या शाळेतून बाहेरच पडत नाहीत.

तरी काही निसटतात. तुमच्या-माझ्यातही निसटलेल्या आहेत, ज्यांना डायबेटिस नाही अशा निरोगी माणसांच्या रक्तातही बीटा पेशींना ओळखणाऱ्या टी सेल सापडतात. त्यांना आवरायला दुसरी फळी असते, रेग्युलेटरी टी सेल, टी-रेग म्हणतात, त्या बाकीच्यांना शांत ठेवतात. याच कामासाठी २०२५ चं मेडिसिनचं नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. फॉक्सपी३ नावाचं जीन बिघडलं की टी-रेग नीट बनत नाहीत आणि अशा बाळांना अगदी तान्हेपणीच टाइप १ सारखा डायबेटिस होऊ शकतो, सोबत आतड्याचा आणि त्वचेचा त्रास. म्हणजे ब्रेक काढून टाकला की काय होतं ते तिथे उघड दिसतं. आपल्या मुलांमध्ये ब्रेक पूर्ण गेलेला नसतो, थोडा ढिला असतो, आणि शाळेतही थोडी कसर राहिलेली असते. इन्सुलिनच्या जीनचा एक प्रकार असा आहे की त्यात थायमसमध्ये इन्सुलिन कमी दाखवलं जातं, आणि अशा लोकांना टाइप १ ची शक्यता जास्त असते.

मग प्रत्यक्षात मारतं कोण आणि कसं?

हा प्रश्न कोणी विचारत नाही, सगळे "इम्युनिटीने मारलं" एवढ्यावर थांबतात. पण मला हेच कळून घ्यायचं होतं. माझ्या मुलीच्या पोटात नक्की झालं काय?

जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय चाललंय त्याचे नमुने बाहेर मांडून ठेवते, एचएलए नावाच्या तबकात. आत बनणाऱ्या प्रोटीनचे छोटे छोटे तुकडे तबकात ठेवून पेशीच्या भिंतीवर लावलेले असतात. व्हायरस घुसला असेल तर व्हायरसचे तुकडे दिसतात आणि टी सेल येऊन ती पेशी मारते, हे आपल्या भल्यासाठीच आहे. बीटा पेशीच्या तबकात साहजिकच इन्सुलिनचे तुकडे असतात, कारण ती दिवसरात्र तेच बनवते.

सुरुवातीला बीटा पेशींचे तुकडे डेंड्रिटिक पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या खबऱ्या पेशी, उचलतात आणि स्वादुपिंडाजवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे गाठींमध्ये नेऊन दाखवतात. तिथे सीडी४ नावाच्या मदतनीस टी सेल जाग्या होतात आणि त्या सीडी८ ना तयार करतात. सीडी८ म्हणजे मारेकरी. त्या रक्तातून स्वादुपिंडात येतात, बेटापर्यंत पोचतात, आणि बीटा पेशीच्या तबकात आपला ओळखीचा तुकडा दिसला की चिकटतात. चिकटल्यावर त्या आपल्या आतल्या विषाच्या पिशव्या त्याच बाजूला सरकवतात जिथे दोन पेशी एकमेकींना लागल्यात, आणि नेमक्या तिथेच रित्या करतात. परफोरिन भिंतीला भोकं पाडतं, त्यातून ग्रॅन्झाइम आत जातं, आणि ग्रॅन्झाइम त्या पेशीला तिचीच आत्मनाशाची यंत्रणा चालू करायला लावतं. पेशी फुटत नाही, आक्रसते, तुकडे तुकडे होते, आणि ते तुकडे मॅक्रोफेज नावाच्या सफाईवाल्या पेशी साफ करतात. मारेकरी टी सेल मात्र मोकळी होते आणि पुढच्या बीटा पेशीकडे जाते.

याशिवाय आजूबाजूला जमलेल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा, आयएल-१ बीटा, टीएनएफ अशी रसायनं सोडत असतात. यातलं इंटरफेरॉन काय करतं तर बीटा पेशीला आणखी तबकं लावायला भाग पाडतं, म्हणजे ती आणखी ठळक दिसायला लागते. धोका वाटला म्हणून ती स्वतःही मदतीसाठी हाक मारते, सीएक्ससीएल१० नावाचा सिग्नल सोडते, आणि त्या हाकेला धावून येणाऱ्या पेशी तिलाच मारतात. शिवाय बीटा पेशी मुळात नाजूक, कॅटालेजसारखी संरक्षण देणारी एन्झाइम त्यांच्यात फार कमी असतात, त्यामुळे लिव्हरची पेशी जे सोसून जाईल ते ही सोसू शकत नाही.

आणखी एक गोष्ट, २००८ मध्ये छापून आलेली: इन्सुलिन बनायच्या आधीच्या कच्च्या मालाचा जो एक तुकडा तबकात दिसतो, तो शुगर वाढली की जास्त दिसतो. म्हणजे शुगर वाढली, बीटा पेशी जास्त राबली, तर मारेकऱ्याला ती जास्त स्पष्ट दिसते. बिचारी कामाला लागली म्हणून मारली जाते. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

एवढं सगळं होऊनही मायक्रोस्कोपखाली गर्दी मोठी दिसत नाही हं. माणसाच्या स्वादुपिंडात एका बेटाला चिकटून १५ पांढऱ्या पेशी दिसल्या, अशी निदान तीन बेटं सापडली, तर त्याला इन्सुलायटिस म्हणायचं असं २०१३ मध्ये ठरलं. १५ फक्त! एका भागातली सगळी बेटं उजाड आणि शेजारच्या भागातली जशीच्या तशी, असंही दिसतं.

आमच्या रिपोर्टमध्ये जीएडी अँटीबॉडी पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे त्या अँटीबॉडीच मारतायत का?

नाही, त्या मुख्यतः साक्षीदार आहेत. बी सेल (या बीटा पेशी नव्हेत, टी सेलसारख्याच दुसऱ्या पांढऱ्या पेशी) अँटीबॉडी बनवतात, चार मुख्य बघतात: इन्सुलिनविरुद्ध, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८. त्या आहेत याचा अर्थ आत भांडण चालू आहे. पण २००१ मध्ये एका मुलाची केस छापून आली होती ज्याच्या अंगात जन्मतःच बी सेल जवळजवळ नव्हत्या, म्हणजे अँटीबॉडी बनवायची सोयच नव्हती, तरी त्याला टाइप १ झाला. धूर दिसतो तिथे आग आहे एवढं धूर सांगतो, जाळते आग. बी सेल टी सेलना चेतवायला मदत करतात मात्र, अगदीच निर्दोष नाहीत.

हे सगळं प्रतिकारशक्तीच करते, हे कशावरून?

मला सगळ्यात पटलेला पुरावा अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. १९८० च्या दशकात तिथे काही जुळ्या भावंडांमध्ये, एकाला डायबेटिस आणि दुसऱ्याला नाही अशा, निरोगी जुळ्याच्या स्वादुपिंडाचा अर्धा भाग काढून आजारी जुळ्याला बसवला. एकसारखे जुळे असल्याने शरीर तो परका समजणार नाही, म्हणून प्रतिकारशक्ती दाबायची औषधं दिली नाहीत. अवयव नाकारला गेला नाही, अगदी ठणठणीत राहिला. पण काही आठवड्यांत त्यातल्या बीटा पेशी तेवढ्या मारल्या गेल्या आणि डायबेटिस परत आला. वीसेक वर्षं जुना रोग, आणि मारेकरी अजून ओळख विसरले नव्हते.

दुसरा पुरावा कॅन्सरच्या वॉर्डातला. हल्ली निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब अशी औषधं देतात, ती टी सेलवरचा पीडी-१ नावाचा ब्रेक सोडतात म्हणजे त्या कॅन्सरवर तुटून पडतात. पण हा ब्रेक सुटल्यावर अगदी थोड्या पेशंटमध्ये, साधारण शंभरात एकाला, त्याच टी सेल बीटा पेशींवरही तुटून पडतात आणि माणसाला अचानक इन्सुलिन लागायला लागतं.

आमच्याकडे तर पंधरा दिवसांत सगळं झालं. एवढ्या पटकन?

दिसलं पंधरा दिवसांत, चालू होतं कित्येक महिने, बहुतेक वेळा कित्येक वर्षं. आता तीन टप्पे मानतात. पहिल्यात दोन किंवा जास्त अँटीबॉडी असतात पण शुगर नॉर्मल. दुसऱ्यात शुगर थोडी वरखाली व्हायला लागते, मूल मात्र खेळतंय बागडतंय. तिसऱ्यात लक्षणं. २०१३ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात, दोन किंवा जास्त अँटीबॉडी असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्के मुलांना पुढच्या दहा वर्षांत डायबेटिस झाला. लहान बाळांमध्ये पहिली अँटीबॉडी पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दिसू शकते.

८० ते ९० टक्के बीटा पेशी गेल्यावर लक्षणं येतात असं पूर्वी लिहायचे. आता कळलंय की लहानग्यांमध्ये जास्त गेलेल्या असतात आणि मोठ्या वयात बऱ्याच शिल्लक असतानाही लक्षणं येतात, कारण ज्या उरल्यात त्या थकून काम सोडतात.

आमचं सांगते. ती रात्री उठून दोन-दोन तांबे पाणी प्यायची, अंथरूण ओलं व्हायला लागलं जे तिसऱ्या वर्षीच बंद झालं होतं, आणि बाथरूमच्या जाळीपाशी लघवीतल्या साखरेला मुंग्यांची रांग लागायची. मुंग्या दिसत होत्या मला, मी फिनेल ओतत होते. मग उलट्या आणि पोटदुखी सुरू झाली आणि एका डॉक्टरांनी पोटाचं इन्फेक्शन म्हणून दोन दिवस औषध दिलं. बोटातून एक थेंब रक्त काढून ग्लुकोमीटरवर टाकलं असतं तर तिथेच कळलं असतं. आम्ही पोचलो तेव्हा ती जोरजोरात श्वास घेत होती आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता, केटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठलेलं, थेट आयसीयू. म्हणून कृपा करून, मूल खूप पाणी पितंय, सारखी लघवी होतेय, वाळतंय, तर त्याच दिवशी शुगर तपासा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पण सुरुवात कशाने होते? व्हायरस? लस? गायीचं दूध?

व्हायरसवर संशय सगळ्यात जास्त आहे, कॉक्सॅकी बी आणि त्याच्या जातीचे एन्टेरोव्हायरस. अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये हजारो मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवणारा टेडी नावाचा अभ्यास आहे, त्यात ज्या मुलांच्या शौचात हा व्हायरस बराच काळ टिकून राहिला त्यांच्यात अँटीबॉडी जास्त दिसल्या. नुसती सर्दी होऊन गेली म्हणून नाही. लसींचा संबंध मोठ्या अभ्यासांमध्ये सापडलेला नाही, लसी चुकवू नका. दुधाचं म्हणाल तर १५ देशांत २,१५९ बाळांना घेऊन ट्रायल झाली, अर्ध्यांना दुधाचं प्रोटीन बारीक तोडलेली पावडर दिली, काही फरक पडला नाही, २०१८ मध्ये निकाल आला. वातावरणाचा वाटा मात्र नक्की आहे: फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा करेलिया, जीन्स खूप मिळतीजुळती, तरी फिनलंडमध्ये टाइप १ चं प्रमाण सहापट.

आमच्या सात पिढ्यांत कोणाला नाही. आणि धाकट्याला होईल का?

बहुतेक मुलांच्या घरात आधी कोणालाच नसतो, आमच्याही नव्हता. एचएलएच्या, म्हणजे त्या तबकाच्या, काही जाती, डीआर३ आणि डीआर४ वाल्या, यांनी धोका वाढतो, पण त्या असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. सख्ख्या भावंडाला शक्यता साधारण शंभरात पाच-सहा, म्हणजे चौऱ्याण्णव-पंचाण्णव जण सुटतात. धाकट्याची अँटीबॉडी टेस्ट करायची का, हे डॉक्टरांशी बोला. आम्ही केली. निगेटिव्ह आली, आणि मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून रडले.

आपल्याकडच्या मुलांमध्येही असंच असतं का? सगळे अभ्यास गोऱ्यांचे दिसतात.

बरोबर आहे, बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले. पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं रिसर्च सेंटर, हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि इंग्लंडचं एक्झेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये दाखवलं की युरोपियन लोकांवरून बनवलेला जेनेटिक स्कोअर, म्हणजे जीन्सवरून काढलेला धोक्याचा आकडा, भारतीय पेशंटमध्येही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला कामी येतो. म्हणजे मुळातला रोग तोच, तपशिलात काही फरक आहेत.

इन्सुलिन सुरू केल्यावर डोस एकदम कमी झाला, बरा झाला ना?

नाही हो. याला हनिमून म्हणतात. बाहेरून इन्सुलिन मिळाल्यावर उरलेल्या बीटा पेशींना जरा विसावा मिळतो आणि त्या परत थोडं काम करायला लागतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित वर्षभर किंवा जास्त. नेमक्या याच काळात कोणीतरी पुडी, काढा, "सहा महिन्यांत सुई बंद" असं घेऊन येतं, डोस कमी झालेला असतोच, श्रेय पुडीला जातं, आणि इन्सुलिन बंद केलेलं मूल परत आयसीयूत. टाइप १ मध्ये इन्सुलिन पूर्ण बंद करणं जिवावर बेततं. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोमध्ये १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिलं इंजेक्शन मिळालं, त्याच्या आधी ही मुलं उपाशी ठेवून ठेवून जगवायचे आणि तरी जायची. आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांच्या कप्प्याशेजारी जी इन्सुलिनची पेनं ठेवलीत ना, ती त्या मुलांना मिळाली नाहीत.

प्रतिकारशक्ती वाढवणारं काही द्यावं का?

विचार करा, इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, ती चुकीच्या जागी चाललीये. घरचं हळदीचं दूध, आवळा याने काही बिघडत नाही, साखर आणि कार्ब मोजून द्या. पण "इम्युनिटी बूस्टर" म्हणून महागाच्या बाटल्या घेऊ नका.

हा हल्ला थांबवायचं औषध आहे का?

पुढे ढकलायचं आहे. टेप्लिझुमॅब, टी सेलवरच्या सीडी३ ला जाऊन बसतं आणि मारेकऱ्यांना सुस्त करतं. १४ दिवस रोज शिरेतून. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये, आठ वर्षं किंवा त्याहून मोठ्या आणि दुसऱ्या टप्प्यात असलेल्यांसाठी मंजूर झालं. ७६ जणांच्या ट्रायलमध्ये डायबेटिस सरासरी दोन वर्षं लांबला. दोनच वर्षं? असं मला काही जण म्हणतात. ज्यांनी पाच वर्षांच्या मुलाला रात्री दोनला उठवून लो शुगरसाठी साखरपाणी पाजलंय त्यांना विचारा दोन वर्षं म्हणजे काय. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन देऊन बघितलं होतं, चालू असेपर्यंत उपयोग व्हायचा पण किडनीला त्रास, बंद केलं की परत तेच. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरिसिटिनिब या गोळीने नव्या पेशंटच्या उरलेल्या बीटा पेशी जास्त टिकल्या असं दिसलं, त्यावर काम चालू आहे.

नव्या बीटा पेशी बसवता येत नाहीत का?

येतात. स्टेम सेलपासून, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडवता येतात अशा मूळ पेशींपासून, बनवलेल्या बेटांचा निकाल २०२५ मध्ये आला, पूर्ण डोस मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षभरात सुटलं. पण त्यांना प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घ्यावी लागतात, आणि त्याने इन्फेक्शनचा धोका असतो, म्हणून ज्यांची शुगर न कळत जीवघेणी लो होते अशा मोठ्या माणसांवर हे करून बघितलं. लहान मुलांसाठी आत्ता तो सौदा परवडणारा नाही. प्रतिकारशक्तीला दिसणारच नाहीत अशा पेशी बनवायचे प्रयत्नही चालू आहेत, माझं सगळं लक्ष तिकडे लागलंय.

त्या मारेकरी पेशी आता कुठे असतात?

हा माझ्या लेकीचा प्रश्न. शुगर मोजणारा सेन्सर बदलताना दंडावरची चिकटपट्टी मी तेल लावून हळूहळू सोडवत होते तेव्हा तिने विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की अजून तुझ्या अंगात आहेत, बऱ्याचशा झोपलेल्या, कारण मारायला फारसं उरलं नाहीये, पण त्यांना आठवण असते. मग तिने विचारलं, सगळ्या बीटा मेल्या का? तर नाही. अमेरिकेत ५० वर्षांहून जास्त काळ इन्सुलिनवर असलेल्यांना तपासलं तेव्हा बऱ्याच जणांच्या रक्तात सी-पेप्टाइड सापडलं, जे शरीराने स्वतः इन्सुलिन बनवलं तरच येतं. म्हणजे इतक्या वर्षांनीही काही बीटा पेशी कुठेतरी लपून तग धरून असतात. ती म्हणाली, मग माझ्यात पण असतील दोन-तीन. म्हटलं, असतील.